घोडे सगळ्यांचे, कर ताईचा

इस्पितळाच्या तळघरात लॉन्ड्री आहे, हे वरच्या मजल्यांवर कुणाच्या गावीही नसतं. चादर मागितली की येते, कुठून येते ते विचारायची पद्धत नाही. त्या तळघरात माझी ताई वीसेक वर्षं मशीनमधून ओल्या चादरी ओढून ट्रॉलीत भरते आहे. ओली चादर किती जड असते हे ज्याला माहीत नसेल त्याने घरची दुलई एकदा बादलीत बुडवून एका हाताने वर काढून बघावी आणि मग माझ्याशी बोलावं. मी हे सगळं रागानेच सांगणार आहे. ज्याला शांतपणे ऐकायचं असेल त्याने दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझ्या घराखालच्या मजल्यावर एका खोलीत राहते आणि खोली अशी ठेवते की आपण चप्पल बाहेर काढूनही आत जायला कचरावं. स्वभाव गरीब. हे लोक कौतुकाने म्हणतात, मला मात्र ऐकलं की संताप येतो, कारण ज्याचा स्वभाव गरीब त्याच्या डोक्यावर सगळे मिरे वाटतात. बसमध्ये उभं राहायचं ताईने, सणासुदीची ड्यूटी ताईने, नव्या बाईला काम शिकवायचं ताईने, आणि ती नवी बाई चार महिन्यांत ताईच्या वर गेली की तिचं अभिनंदनही ताईनेच करायचं.

ओल्या फरशीवर उभं राहून राहून तिचा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे अगदीच गेला. जिना चढताना ती आधी डावा पाय टाकते आणि मग उजवा हाताने उचलावा तसा वर घेते. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून बदलून टाकू. नोकरांसाठी इस्पितळ अर्धा खर्च सोसतं, उरलेला अर्धा आधी भरावा लागतो. तारीख मिळाली होती. त्या तारखेआधी पैसे भरले नाहीत तर नंबर सुटतो आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. ताईने वर्षानुवर्षं चिमूट चिमूट बाजूला टाकून तो अर्धा जमवला होता. बँकेत त्याचं खातंच वेगळं होतं, त्याला आम्ही गुडघा म्हणायचो. या महिन्यात गुडघ्यात किती टाकलेस, असं मी विचारायची आणि ती हसायची.

आता घोड्यांकडे येते.

लॉन्ड्रीत ताईखेरीज चौघं जण होते. मुकादम, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरचा, जो पेन कानावर ठेवतो आणि काम दुसऱ्यांच्या खांद्यावर. एक इस्त्रीवाला. फाटक्या चादरी शिवणारी एक बाई, तिला सगळे शिवणवाली म्हणत. आणि एक बॉयलरवाला, ज्याच्या तोंडून दिवसभरात दोन वाक्यं निघाली तर मोठा दिवस. ही पाच जणं दर शुक्रवारी चहाच्या सुट्टीत घोड्यांवर लावायचे पैसे काढायची. थोडेच, पण दर आठवड्याला. घोडा मुकादम निवडायचा, कारण आपल्याला घोड्यांतलं कळतं असा त्याचा समज होता. चौघं आपापला वाटा ताईच्या ॲप्रनच्या खिशात टाकायची, ताई आपला घालायची आणि शनिवारी शर्यतीच्या दुकानात जाऊन तिकीट काढायची. दुकान तिच्या घराच्या वाटेवर होतं, एवढाच तिचा गुन्हा.

हरलं की एक रीत होती. ही रीत मी स्वतः पाहिली नसती तर माझा विश्वास बसला नसता. सोमवारी सकाळी हरलेलं तिकीट फाडायचं आणि पहिल्या मशीनमध्ये मळक्या चादरींबरोबर टाकून द्यायचं. म्हणे हरणं धुऊन निघतं. नशीब स्वच्छ होऊन येतं. वरच्या वॉर्डातल्या नर्सा तक्रार करायच्या की चादरींना कागदाचे कण चिकटलेले असतात, तेव्हा मुकादम गंभीर चेहरा करून साबणाच्या कंपनीला शिव्या घालायचा. जिंकणं क्वचित आणि हरणं दर आठवड्याला, त्यामुळे त्या इस्पितळातले पेशंट वर्षभर आमच्या लोकांच्या हरण्यावर झोपत होते म्हणायला हरकत नाही.

मी ताईला कितीदा म्हटलं, हे थेर बंद कर. ती म्हणायची, अगं, आठवड्यातून एकदा सगळे मिळून हसतो, तेवढंच. तळघरात हसायला दुसरं होतं काय.

मागच्या वर्षी मुकादमाचा घोडा दोनदा मोठा लागला. किरकोळ जिंकलं तर दुकानदार गल्ल्यातूनच नोटा मोजून देतो. पण रक्कम ठरावीक आकड्याच्या वर गेली की ओळखपत्र मागतो, नाव लिहून घेतो, आणि ते नाव सरळ कर कार्यालयात जातं. दोन्ही वेळा ताईने आपलं ओळखपत्र दाखवलं. पैसे आणले, सोमवारी चहाच्या टेबलावर पाच ढीग केले, आपला एक उचलला. शिवणवालीने घरी नवं शिवणयंत्र घेतलं. मुकादमाने बूट घेतले, तेही दोन जोड. ताईने आपला वाटा गुडघ्यात टाकला.

दरवर्षी ताई कराचा अर्ज भरते तसा तिने तो भरला. पगार लिहिला, सही केली, संपलं. जिंकलेले पैसे त्यात लिहायचे असतात हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या हिशेबी ते पगाराचे नव्हतेच, गंमतीचे होते, आणि त्यातही पाचातला एकच भाग तिचा. मग कार्यालयाचं पत्र आलं. दोन वेळा एवढी एवढी रक्कम जिंकलात, ती दाखवली नाहीत, तिच्यावरचा कर आणि वर दंड असे मिळून इतके भरा. तो आकडा पाहून मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे. गुडघ्याच्या खात्यात होते त्याहून तो जरासाच कमी होता.

मी रजा टाकली आणि तिला घेऊन कर कार्यालयात गेले. काउंटरवर एक बाई होती, चष्मा केसांत खोचलेला. मी तिथे भांडायच्याच तयारीने गेले होते, पण ती बाई भांडण्यासारखी निघाली नाही, हे कबूल करायला हवं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, जिंकलेलं जसं दाखवायचं तसं हरलेलंही दाखवता येतं, तेवढं जिंकलेल्यातून वजा होतं. वर्षभर जितकी तिकिटं हरलात ती आणा.

ताईने मान खाली घातली. मी विचारलं, अगं, बोल ना काहीतरी. तिने हळूच सांगितलं की ती धुतली.

त्या बाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ताईने पुन्हा सांगितलं, मशीनमध्ये, चादरींबरोबर. त्या बाईने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि ताईकडे नीट बघून घेतलं. मला तिथेही हसू आलं आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. हरलेले पैसेही काही कमी नसतील, वर्षभर दर शनिवारी वाहिलेले. पण कागदावर काय, तर ताई दोनदा जिंकली आणि कधीच हरली नाही.

मग त्या बाईनेच दुसरा रस्ता सांगितला. पाच जणांनी मिळून लावले होते ना, तर पाचही जणांनी तसं लिहून सही करून द्यायचं. मग रक्कम पाच जणांत वाटली जाईल. एकेकाचा वाटा इतका लहान होतो की तो करमाफीच्या मर्यादेत बसतो. कुणालाच काही भरावं लागणार नाही, दंडही नाही. तिने हे दोनदा सांगितलं आणि एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. कुणी सही देईना तर नुसती नावं द्या, म्हणाली, आम्ही त्यांना विचारू. ताईचा चेहरा एकदम उजळला. बसमध्ये ती मला म्हणाली, बघ, उगाच घाबरलो, उद्या चहाच्या वेळी सह्या घेते.

मी तिच्याबरोबर गेले. बरं झालं गेले, नाहीतर हे मला तिच्या तोंडून कधीच खरं कळलं नसतं. ताईने चिठ्ठी टेबलावर ठेवली, सगळं समजावून सांगितलं, आणि चौघं चहाच्या कपात बघत बसली.

मुकादम म्हणाला, कामाच्या जागी पैसे लावायला मनाई आहे, त्याने सही केली तर उद्या नोकरी जाईल. मी म्हटलं, कर कार्यालयाला तुमच्या मनाईशी काय देणंघेणं? तो म्हणाला, तुम्हाला नाही कळायचं, कागद कुठून कुठे जातात. घोडा निवडताना मात्र कागद कुठे जातात याची त्याला फिकीर नव्हती. इस्त्रीवाल्याची बायको त्याच्यापासून वेगळी राहते, कोर्टाने तिला दर महिन्याला पैसे द्यायला सांगितलं आहे. आणखी कमाई दिसली तर ती जास्त मागेल, म्हणून त्याचे हात वर. शिवणवालीने नवऱ्याला सांगितलं होतं की शिवणयंत्र बोनसमधून आलं. ती रडायला लागली, आणि एकदा कुणी रडायला लागलं की दुसऱ्याला काही विचारता येत नाही. उरला बॉयलरवाला. तो म्हणाला, मी कागदावर सही करत नाही. का, तर करत नाही. त्याचं दिवसाचं एक वाक्य झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, अहो, कुणाला एक पैसा भरायचा नाहीये, त्या बाईने लिहून दिलंय, वाचा तरी. कुणी वाचलं नाही. बूट घेताना, यंत्र घेताना ही पाचही जणं एक होती, आता प्रत्येकाला आपापलं घर आठवलं. मी मुकादमाच्या पायांकडे बोट दाखवून विचारलं की हे बूट कुणाच्या नावावर आहेत. ताईने मला दंडाला धरून बाहेर आणलं. एका पायाने लंगडत तिने मला ओढत नेलं, हे सांगायला हवं.

बाहेर ती म्हणाली, जाऊ दे, त्यांच्याही अडचणी आहेत.

"आणि तुझी?" मी विचारलं.

"माझी काय, एक वर्ष थांबेन."

एक वर्ष नाही. गुडघ्याचं खातं भरायला सात-आठ वर्षं लागली होती. ती मला एक वर्ष म्हणाली, कारण मी ओरडू नये. मी ओरडले. म्हटलं, कर कार्यालयात मी देते नावं, पत्ते सुद्धा देते, मुकादमाच्या बुटाचा नंबरही देते. ती म्हणाली, तू दिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि ताई असं म्हणते तेव्हा ती ते करते, गरीब स्वभावाची माणसं अशा बाबतीत फार चिवट असतात. मी तोंड शिवून घेतलं. नवरा म्हणाला, घरात भांडी जरा हळू ठेवत जा.

पैसे भरायची मुदत संपत आली. शुक्रवारी बँकेत जाऊन गुडघ्याचं खातं रिकामं करायचं असं ताईने ठरवलं. मी तिला न्यायला लॉन्ड्रीत गेले. चहाची सुट्टी सुरू होती. ती टेबलाशी उभी राहून ॲप्रन सोडत होती, आणि तेवढ्यात मुकादम आला आणि त्याने नेहमीसारखे आपले पैसे तिच्या ॲप्रनच्या खिशात टाकले.

मला वाटलं, माझे डोळे बिघडलेत. मागोमाग इस्त्रीवाल्याने टाकले. शिवणवाली जरा घुटमळली, पण तिनेही टाकले. बॉयलरवाल्याने न बोलता टाकले. मुकादमाने कानावरचं पेन काढलं आणि या आठवड्याच्या घोड्याचं नाव लिहून चिठ्ठी ताईपुढे सरकवली.

ताई त्या चिठ्ठीकडे बघत राहिली. म्हणाली, यावेळी दुसऱ्या कुणीतरी जावं.

"तुझं नाव तिथे लागलंच आहे," मुकादम म्हणाला. "आता अजून काय बिघडणार आहे? आमची कोरी नावं कशाला खराब करायची?"

तो हे वाईट बुद्धीने बोलला नाही. त्याला ते खरंच शहाणपणाचं वाटत होतं, आणि बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. म्हणून तर मला आजही ते आठवलं की काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. डागाळलेल्या चादरीवर आणखी एक डाग पडला तर कुणाला कळतंय, तसं ते बोलले, आणि ती चादर समोर उभी होती.

मी तोंड उघडलं. पण ताईने हात करून मला थांबवलं. वीस वर्षांत मी तिला रागावलेली पाहिली नव्हती, त्यामुळे हा राग आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. तिने खिशात हात घातला, पैसे काढले, आणि ज्याचे त्याच्यापुढे ठेवले. बॉयलरवाला आपले घेईना, तर तिने त्याच्या कपाशेजारी ठेवले.

"मी आता बँकेत जाणार होते," ती म्हणाली. "आता जात नाही. कर कार्यालयात जाते. तुमची चौघांची नावं देणार आहे. पाठीमागून केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तोंडावर सांगते."

शिवणवाली म्हणाली, ताई, माझं घर मोडेल गं. ताईने तिच्याकडे पाहिलं.

"यंत्र घेताना मी तुला विचारलं होतं, घरी काय सांगशील. तू म्हणालीस, ते माझं मी बघेन. आता बघ."

मग तिने ॲप्रन घडी घालून टेबलावर ठेवलं आणि चालू लागली. जिना चढताना तिने माझा हात घेतला नाही.

कार्यालयातल्या त्याच बाईकडे तिने चौघांची नावं दिली. तिची भरायची मुदत थांबली, त्यांना विचारणा गेली, आणि काय सांगू, एका आठवड्यात चौघांनीही मुकाट्याने सह्या केल्या. ताईने मागितली तेव्हा जी सही नोकरी घालवणार होती, ती साहेबाने मागितल्यावर निमूट आली. कागदावर सही न करणाऱ्या बॉयलरवाल्याने तर दोन ठिकाणी केली, एक चुकून. कर किती झाला? कुणाचाच काही नाही. त्या बाईने पहिल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं तसंच. मुकादमाची नोकरी गेली नाही, इस्पितळाला या गोष्टीचा पत्ताही लागला नाही. इस्त्रीवाल्याच्या बायकोला मात्र कुठून तरी कळलं आणि त्याला तिला थोडे जास्त द्यावे लागले. ते द्यायलाच हवे होते. शिवणवालीचा नवरा तिच्याशी महिनाभर बोलला नाही. तिच्यासाठी मला वाईट वाटलं, थोडंसं. ताईला पुष्कळ वाटलं, ती दोनदा तिच्या टेबलाशी गेली आणि दोन्ही वेळा शिवणवालीने यंत्र सुरू केलं, म्हणजे आवाजात काही ऐकू येऊ नये.

तारखेआधी ऑपरेशनचे पैसे भरले गेले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. ताईला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं होतं. मी रोज कामावरून सुटले की तिच्याकडे जायची आणि रोज विचारायची, खालचं कुणी येऊन गेलं का. तळघरातून वर यायला एक लिफ्ट, आणि तीही त्यांचीच, मालाची. ती म्हणायची, काम असेल त्यांना. चौघांनाही रोजच, असं मी म्हटलं की ती खिडकीकडे बघायची.

एके दिवशी मी तिथे असतानाच मालाच्या लिफ्टचं दार वाजलं आणि स्वच्छ चादरींची ट्रॉली घेऊन इस्त्रीवाला वॉर्डात आला. ढकलणारा माणूस रजेवर असावा. दारातच त्याला ताई दिसली. ताईने उशीवरून मान उचलली आणि हसली सुद्धा. त्याने ट्रॉली तिथेच भिंतीला लावली, नर्सला काहीतरी पुटपुटला आणि पाठ करून निघून गेला.

मी उठले. त्याला लिफ्टपर्यंत गाठून काय बोलायचं ते सगळं माझ्या ओठांवर तयार होतं, कितीतरी दिवसांचं. ताईने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांचं नाव मीच दिलं ना."

"मग? चुकलं असं वाटतंय तुला?"

तिचे डोळे भरून आले होते, आणि तिने ते पुसले नाहीत.

"वाईट वाटतं," ती म्हणाली. "वीस वर्षं एका टेबलावर चहा प्यायलोय आम्ही. पण चुकलं नाही. गुडघा माझा होता."